अ‍ॅना मणींचे हिरे

आईच्या कुडीतला एक खडा सैल झाला होता, म्हणून गेल्या वर्षी आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेलो. खडा बसवून झाल्यावर त्यांनी गल्ल्याखालून पेनाएवढी एक जांभळी विजेरी काढली, दुकानातला दिवा मालवला आणि दोन्ही कुड्यांवरून प्रकाश फिरवला. चौदा खड्यांपैकी पाच निळे पेटले. एक हिरवट. बाकीचे अंधारातच राहिले. "जुन्या कुड्यांत अशी मिसळ असायचीच," ते म्हणाले. "निळा मारणाऱ्याला बाजारात भाव जरा कमी. पण तुम्हाला कुठे विकायचंय!"

विकायचं नव्हतंच. पण हे निळं पेटणं मला ओळखीचं होतं. ज्या विषयाचा गेली पाच-सहा वर्षं मी जमेल तसा माग काढतो आहे, त्याची सुरुवात याच निळ्या उजेडापाशी होते. आज जगातल्या काही मोठ्या प्रयोगशाळा हिऱ्यातल्या खोटीचा स्मरणपेटीसारखा वापर करू पाहत आहेत. पुढच्या काळातल्या क्वांटम जाळ्यांतली माहिती क्षणभर, सेकंदभर, जमलं तर मिनिटभर सांभाळून ठेवायची पेटी. या कहाणीतलं एक महत्त्वाचं प्रकरण १९४०च्या दशकातल्या बंगळूरमध्ये घडलं, आणि त्यातली एक व्यक्ती पुढे अनेक वर्षं पुण्यात, आपल्या शिवाजीनगरात काम करत होती. शिमला ऑफिसच्या चौकातून रोज जाणाऱ्या माणसांना तिचं नाव क्वचितच माहीत असतं.

हिरा अंधारात चमकतो याची व्यवस्थित नोंद पहिल्यांदा केली रॉबर्ट बॉइलने, १६६३ साली. क्लेटन नावाच्या गृहस्थांचा एक हिरा त्याने मागून आणला. तो घासला, तापवला, दिव्याशी धरला, इतकंच काय, रात्री अंथरुणात नेऊन उघड्या अंगाशी धरला आणि शरीराच्या उबेनेही तो मंद उजळतो असं लिहून ठेवलं. आपल्याकडच्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत हिऱ्याच्या रंगांचा विचार पुष्कळ आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त तर कोणत्या रंगाचा हिरा कोणत्या वर्णाने वापरावा हेही सांगितलं आहे. पण रंग कशामुळे येतो हा प्रश्न तिथे नाही. बॉइलकडेही उत्तर नव्हतं. त्याचं मोठेपण इतकंच, की त्याने तो प्रश्न रात्री उशाशी घेतला.

१९३४ साली रॉबर्टसन, फॉक्स आणि मार्टिन या तिघांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हिऱ्यांचे दोन प्रकार मांडले. बहुतेक हिरे अतिनील किरणांचा मोठा भाग अडवतात आणि अवरक्त किरणांतलेही काही विशिष्ट पट्टे गिळतात. मोजके हिरे हे दोन्ही आरपार जाऊ देतात. पहिला प्रकार एक, दुसरा प्रकार दोन. दिसायला दोघंही सारखेच पाणीदार. एकाच मूलद्रव्याच्या, एकाच रचनेच्या स्फटिकात असा भेद का पडावा, हा प्रश्न सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना खेचून घेणारच होता.

१९४०च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांच्याभोवती जमलेली बहुतेक मुलं हिऱ्यावरच काम करत होती. रामन यांच्या स्वतःच्या संग्रहात भारतातले आणि आफ्रिकेतले मिळून सुमारे ३०० हिरे होते. कोणी क्ष-किरणांनी बघत होता, कोणी चुंबकीय गुण मोजत होता, कोणी उष्णता. १९४० साली तिथे दाखल झालेल्या अ‍ॅना मणी यांच्या वाट्याला प्रतिदीप्ती आली, म्हणजे तोच उजेड, जो आमच्या सराफांनी विजेरीने दाखवला.

अ‍ॅना मणींचा जन्म १९१८चा, त्रावणकोरमधल्या पीरमेड इथला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिक आणि रसायन या विषयांत ऑनर्स पदवी घेऊन, शिष्यवृत्तीवर त्या बंगळूरला आल्या. त्यांचं काम आज वाचताना त्यातली मेहनत अंगावर येते. हिरा द्रवरूप हवेच्या तापमानाला ठेवायचा, म्हणजे शून्याखाली सुमारे १९० अंशांवर, कारण थंडीत वर्णपटातल्या पसरट पट्ट्यांच्या जागी धारदार रेषा दिसतात. मग त्यावर प्रकाश टाकायचा आणि हिऱ्यातून निघणारा क्षीण उजेड लोलकातून काचेच्या छायापट्टीवर घ्यायचा. काही हिरे इतके मंद, की एका वर्णपटासाठी पट्टी पंधरा ते वीस तास उघडी ठेवावी लागे. थंडावा सुटला की सगळं पहिल्यापासून. अशा वेळी त्या रात्री प्रयोगशाळेतच काढत. तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट त्यांनी या पद्धतीने घेतले. १९४२ ते १९४५ या काळात हिरा आणि माणिक यांच्या प्रतिदीप्तीवर त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यांतला १९४४चा, दृश्य प्रकाशातल्या हिऱ्याच्या वर्णपटांवरचा निबंध मी कोश शेजारी ठेवून वाचला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. भौतिकशास्त्र शिकायला घेतलं तेव्हा चाळिशी उलटली होती. पण त्या निबंधातली एक गोष्ट माझ्यासारख्यालाही कळते. निळ्या चमकणाऱ्या हिऱ्यांत ४१५२ अँगस्ट्रॉमपाशी एक ठळक रेषा येते आणि हिरव्या-पिवळ्या चमकणाऱ्यांत ५०३२पाशी. या रेषा प्रत्येक हिऱ्यात कमीअधिक तीव्रतेच्या असतात, पण त्यांची जागा हलत नाही. म्हणजे हिऱ्याच्या पोटात ठरावीक घडणीचं काहीतरी वारंवार सापडतं आहे.

काय असावं ते? रामन यांचं उत्तर ठाम होतं. हा उजेड बाहेरून आलेल्या कुठल्याही अशुद्धीचा नव्हे, तो हिऱ्याच्या स्वतःच्या रचनेतून येतो. कार्बनचं जाळंच वेगवेगळ्या सममितींत घडू शकतं आणि एका हिऱ्यात ती रूपं एकमेकांत मिसळलेली असतात. १९४४ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये हिऱ्यावरचा एक भलामोठा निबंधसंच निघाला, त्यात ही मांडणी आहे. लंडनमध्ये क्ष-किरण स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्सडेल यांनी तिला विरोध केला आणि वाद चांगलाच रंगला.

रामन चुकले होते. पण ते चुकीचे कसे ठरले हे सांगण्याआधी त्या निबंधसंचातल्या दोन लेखिकांचं काय झालं ते सांगायला हवं. तोही याच विषयाचा भाग आहे.

रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांच्या सबंध कारकिर्दीत तीनच स्त्रिया होत्या. त्यांतल्या ललिता दोराईस्वामी लवकरच एस. चंद्रशेखर यांच्याशी विवाह करून अमेरिकेला गेल्या. राहिल्या सुनंदाबाई आणि अ‍ॅना मणी. स्त्री-पुरुषांनी एकमेकांत मिसळू नये याबद्दल रामन फार कडक होते. त्यामुळे सहकाऱ्यांशी जो अघळपघळ वाद घालत माणूस विज्ञान शिकतो, तो या दोघींच्या वाट्याला फारसा आलाच नाही. ऑगस्ट १९४५मध्ये अ‍ॅना मणींनी आपला प्रबंध सादर केला. बंगळूरच्या संस्थेतल्या कामावर पदवी देण्याचा अधिकार तेव्हा मद्रास विद्यापीठाकडे होता. विद्यापीठाने निर्णय दिला, की यांच्याकडे एम.एस्सी. नाही, सबब पीएच.डी. देता येत नाही. ऑनर्स पदवी होती, शिष्यवृत्ती होती, पाच निबंध छापून आले होते. कागद एक कमी होता. सुनंदाबाईंनाही पदवी मिळाली नाही, आणि त्यांचं आयुष्यही अकाली संपलं. विज्ञानाच्या इतिहासकार आभा सूर यांनी या दोघींवर मन लावून लिहिलं आहे. त्यांनी ते लिहिलं नसतं तर मला हे काही कळलं नसतं.

मराठी वाचकाला इथे कमला भागवत आठवतील. दुर्गाबाईंच्या धाकट्या भगिनी, पुढच्या डॉ. कमला सोहोनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठात वरच्या क्रमांकाने पदवी घेऊन त्या याच संस्थेच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा संचालक असलेल्या रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत. अखेर एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. पण कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली तिथून डॉक्टरेट घेऊन आल्या. मणींना शिष्यवृत्तीने इंग्लंड मिळालं, पण तिथे जागा होती ती हवामानाच्या उपकरणांच्या शिक्षणाची. हिरे सुटले ते कायमचे. १९४८ साली परतून त्या हवामान खात्यात, पुण्याला रुजू झाल्या. तापमापक, वायुभारमापक, पर्जन्यमापक परदेशातून मागवण्याच्या त्या दिवसांत त्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांची प्रमाणित आरेखनं करून ती देशात बनवायला लावली. सौर उर्जेच्या मोजमापाचं जाळं उभारलं, भारतावरच्या सौर प्रारणाचे मोठे आकडेग्रंथ काढले, खात्याच्या उपमहासंचालक म्हणून १९७६मध्ये निवृत्त झाल्या. पीएच.डी. न मिळाल्याने आपल्या आयुष्यात फारसा फरक पडला नाही, असं त्या शेवटपर्यंत म्हणत. त्यांच्या आयुष्यात नसेल पडला. हिऱ्याच्या अभ्यासात पडला, असं मला वाटतं. तो कसा, ते पुढे येईल.

१९५९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कायझर आणि बाँड या दोघांनी दाखवून दिलं, की पहिल्या प्रकारच्या हिऱ्यात नायट्रोजन असतो. तोही चिमूटभर नाही. काही हिऱ्यांत हजारात एक-दोन अणू नायट्रोजनचे. रॉबर्टसन आणि मंडळींचे दोन प्रकार, रामन आणि लॉन्सडेल यांचा वाद, सगळ्याच्या मुळाशी हा हवेतला साधा वायू निघाला. हळूहळू मणींच्या छायापट्ट्यांवरच्या रेषांनाही पत्ता मिळाला. निळी ४१५२ म्हणजे एन-३ केंद्र: जाळ्यात एक कार्बन गायब, आणि त्या रिकाम्या जागेभोवती तीन नायट्रोजन. हिरवी ५०३२ म्हणजे एच-३: एक रिकामी जागा, दोन नायट्रोजन. आईच्या कुडीतले पाच खडे आणि तो सहावा यांच्यातला फरक एका नायट्रोजन अणूचा आहे.

मग एक रिकामी जागा आणि एकच नायट्रोजन असेल तर? या जोडीला आज नायट्रोजन-व्हेकन्सी, थोडक्यात एन-व्ही केंद्र म्हणतात. ती निसर्गातही असते, पण मुद्दाम घडवता येते. हिऱ्यावर किरणांचा मारा करून कार्बनचे काही अणू जागेवरून उडवायचे (विल्यम क्रुक्सने १९०४ साली रेडियमच्या सहवासात ठेवून हिरे हिरवे केले, ते हेच), आणि मग हिरा सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवायचा. त्या तापमानाला रिकाम्या जागा जाळ्यात सरकू लागतात आणि वाटेत नायट्रोजन भेटला की तिथेच थांबतात. हे केंद्र हिरवा प्रकाश घेऊन लाल प्रकाश देतं. त्याची ठळक रेषा ६३७ नॅनोमीटरवर. नायट्रोजन आणि पोकळी यांचं हे नातं जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात द्यू प्रीझ यांनी १९६५ सालच्या आपल्या प्रबंधात मांडलं. आज एन-व्ही केंद्रावरच्या निबंधांच्या संदर्भसूचीत हा साठ वर्षांपूर्वीचा प्रबंध सतत भेटतो. तो पुस्तकरूपाने कधी आला नाही, तरी चालतो, कारण तो पीएच.डी.चा प्रबंध आहे. त्याला नाव, साल, विद्यापीठ आहे. मणींच्या प्रबंधाला विद्यापीठ नाही. मघाशी म्हटलेला फरक तो हा. एखादं काम पुढच्या पिढीच्या हाती कसं लागतं हे बऱ्याचदा असल्या कारकुनी गोष्टींवर ठरतं.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. 'क्वांटम संगणकाचा शोध आमच्याकडेच लागला होता' या थाटाचे संदेश मोबाइलवर फिरत असतात. त्यांत आणखी एकाची भर मला घालायची नाही. मणींनी एन-व्ही केंद्र शोधलं नाही. त्यांच्या रेषा त्याच्या सख्ख्या भावंडांच्या आहेत. आणि त्या रेषांचा जो अर्थ त्या प्रयोगशाळेत लावला गेला तो चुकीचा होता. मोजणी मात्र बरोबर होती, आणि ती टिकली.

एन-व्ही केंद्राची खरी किमया पुढे उलगडत गेली. १९७६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातले डेव्हिस आणि हॅमर यांनी त्याची सममिती पक्की केली. दक्षिण आफ्रिकेतले लूब्सर आणि व्हॅन वाइक यांनी १९७७-७८मध्ये त्याच्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन तपासला. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगचं इवलंसं चुंबकत्व; ते ठरावीक स्थितींतच राहू शकतं. त्या स्थितींतलं अंतर इथे सूक्ष्मलहरींच्या २.८७ गिगाहर्ट्झ कंपनसंख्येएवढं, म्हणजे घरातल्या मायक्रोवेव्ह भट्टीच्या जवळपासचं. आणि विलक्षण गोष्ट अशी, की हिरवा प्रकाश टाकला की हा स्पिन आपोआप एका ठरावीक स्थितीत येऊन बसतो; शिवाय त्या स्थितीत असताना लाल उजेड जास्त येतो, दुसऱ्या स्थितीत कमी. पाटी पुसायची प्रकाशाने, लिहायचं सूक्ष्मलहरींनी, वाचायचं पुन्हा प्रकाशाने.

१९९७ साली जर्मनीतल्या केम्निट्झ इथे ग्रूबर, राख्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एन-व्हीचं एकच केंद्र वेगळं टिपलं आणि त्याचा स्पिन वाचला, तोही खोलीच्या तापमानाला. मणींना सबंध हिऱ्याचा उजेड पकडायला वीस तास लागत; इथे एकाच खोटीचा उजेड मोजला जात होता. इतर बहुतेक पदार्थांत असले नाजूक स्पिन अतिशीत यंत्रात ठेवावे लागतात. हिऱ्यात ते का टिकतात? एक तर हिऱ्याचं जाळं इतकं ताठ, की साध्या उष्णतेने ते फारसं थरथरत नाही. दुसरं, नेहमीच्या कार्बनच्या केंद्रकाला स्पिनच नसतो. शंभरात जेमतेम एक अणू कार्बन-१३चा असतो, तेवढाच काय तो गोंगाट. २००९ साली श्टुटगार्टच्या गटाने, गोपालकृष्णन बालसुब्रमण्यन पहिले लेखक असलेल्या निबंधात, हा कार्बन-१३ काढून टाकलेला हिरा वापरला आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन १.८ मिलिसेकंद टिकवला. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण एक सूक्ष्मलहरी हुकूम पोहोचायला लागणाऱ्या वेळाच्या मानाने ते युग आहे.

मग कोणाला तरी सुचलं, की गोंगाट करणाऱ्या त्या कार्बन-१३लाच कामाला लावावं. केंद्रकाचा स्पिन इलेक्ट्रॉनच्या मानाने फार अलिप्त. आसपासच्या चुंबकीय गडबडीकडे तो सहसा ढुंकून पाहत नाही. म्हणून माहिती इलेक्ट्रॉनवर घ्यायची आणि शेजारच्या केंद्रकाकडे ठेवायला द्यायची. २००७ साली हार्वर्डमध्ये गुरुदेव दत्त आणि सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. २०१२मध्ये तिथल्याच गटाने खोलीच्या तापमानाला अशी स्मृती एका सेकंदापलीकडे नेली. २०१९ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने, अतिशीत हिऱ्यात, ती मिनिटापलीकडे नेली.

एवढा आटापिटा कशासाठी? काचतंतूतून शंभर किलोमीटर गेल्यावर प्रकाशाच्या शंभर कणांपैकी एखादाच उरतो. पाचशे किलोमीटरला हजार कोटींत एक. नेहमीच्या टेलिफोन-इंटरनेटला याची फिकीर नाही, कारण वाटेत संदेश वाचून पुन्हा जोरात पाठवता येतो. क्वांटम स्थितीची मात्र नक्कलच करता येत नाही. वाचायला गेलं की ती मोडते. म्हणून अंतराचे टप्पे करायचे, आणि प्रत्येक टप्प्यावरच्या दोन टोकांमध्ये ज्याला एन्टँगलमेंट म्हणतात तो जोडबंध बांधायचा. असा जोडबंध एका झटक्यात जमत नाही, लाखो वेळा प्रयत्न करावा लागतो. एका टप्प्याचं जमलं आणि शेजारच्याचं अजून व्हायचं असेल, तर जमलेल्याने थांबायला हवं. थांबायचं म्हणजे लक्षात ठेवायचं. त्यासाठी ही स्मृती.

डेल्फ्टमध्येच २०१५ साली विद्यापीठाच्या आवारात १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांत असा जोडबंध बांधून जॉन बेलच्या प्रसिद्ध कसोटीची पळवाटा बुजवलेली चाचणी झाली. २२० तास यंत्र चालवल्यावर कामाचे प्रयोग मिळाले २४५. हा आकडा वाचताना मला छायापट्टीशेजारी रात्र काढणाऱ्या मणीच आठवतात.

एन-व्हीला एक दुखणं आहे. त्याच्या उजेडातला जेमतेम तीन टक्के भाग जोडबंधाला लागणाऱ्या नेमक्या ६३७च्या रेषेत येतो, आणि तो लाल रंग काचतंतूत लवकर विरतो. म्हणून आता नायट्रोजनच्या जागी सिलिकॉन बसवलेल्या केंद्रांकडे ओढा आहे. सिलिकॉनचा मोठा अणू दोन रिकाम्या जागांच्या बरोबर मध्ये बसतो, त्यामुळे रचना दोन्ही बाजूंनी सारखी आणि बाहेरच्या विद्युतक्षेत्राचा त्रास कमी. किंमत अशी, की निरपेक्ष शून्याच्या जवळ, अंशाच्या दहाव्या भागापर्यंत थंड करावं लागतं. २०२४ साली हार्वर्डच्या गटाने बॉस्टन परिसरात जमिनीखालून टाकलेल्या ३५ किलोमीटर काचतंतूतून अशा दोन सिलिकॉन-स्मृतींचा जोडबंध बांधला. त्याच वर्षी डेल्फ्टच्या मंडळींनी डेल्फ्ट आणि हेग या दोन शहरांतल्या हिऱ्यांना जोडलं.

या कामाचे हिरे आता खाणीतून येत नाहीत. मिथेन वायूपासून थरावर थर चढवून ते वाढवतात, आणि त्यात नायट्रोजन अब्जात एखाद्या अणूच्याही खाली ठेवतात, म्हणजे हवी तीच खोट हव्या त्या जागी घालता येते. दागिन्यांचे हिरे अशाच यंत्रांत सुरतेला वाढवले जातात, पण त्यांत आणि यांत फार अंतर आहे. केंद्र सरकारने २०२३मध्ये ६००३.६५ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलं. त्यातल्या क्वांटम संवेदन आणि मापन या शाखेचं केंद्र पवईला, आयआयटी मुंबईत आहे. तिथे कस्तुरी साहा यांचा गट एन-व्ही केंद्रांनी सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रं टिपणारा सूक्ष्मदर्शक बनवतो आहे. तो स्मृतीचा नव्हे, मोजमापाचा उपयोग. पण केंद्र तेच, हिरवा प्रकाश तोच, लाल उजेड तोच.

दिवाळीआधी सराफांकडे पुन्हा गेलो तेव्हा १९४४च्या निबंधाची छापील प्रत सोबत नेली होती. त्यांना इंग्रजी मजकुरात रस नव्हता. वर्णपटांची चित्रं मात्र त्यांनी भिंग लावून पाहिली. मग विचारलं, "तीस हिरे म्हणता. पुढे ते गेले कुठे?" रामन यांचा स्फटिकांचा संग्रह बंगळूरला त्यांच्याच नावाच्या संस्थेच्या संग्रहालयात आहे, असं मी सांगितलं. "आणि त्या बाईंचं पुस्तक?" त्याच संस्थेच्या ग्रंथालयात, मी म्हटलं, डॉक्टरेट मिळालेल्या इतर प्रबंधांसारखंच बांधलेलं, त्यांच्याच रांगेत.